मूल ज्याचे त्याने घ्यावे

सुवॉन शहरी येऊन आम्हां उभयतांस चार दिवस झाले होते, आणि त्या चार दिवसांत ज्या एकमेव कोरियन वाक्यावर मी निर्विवाद प्रभुत्व संपादन केले होते, ते वाक्य मराठी माणसाने चारचौघांत, विशेषतः कुटुंब शेजारी बसलेले असताना, उच्चारण्यासारखे मुळीच नव्हते. कोरियन भाषेत पाण्याला ‘मुल’ म्हणतात आणि ‘द्या’ याला ‘जुसेयो’. तेव्हा तहानेने व्याकूळ झालेला मनुष्य खाणावळीत शिरून मोठ्या अजिजीने जी याचना करतो ती ‘मुल जुसेयो’ अशी असते. ती मी केली. कुटुंबाने माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि पुण्यास वसतिगृहात ठेवून आलेल्या आमच्या दोन कन्यांचे स्मरण देऊन, ‘आहेत त्या दोन पुरे झाल्या,’ असा खालच्या आवाजात शेरा मारला. खाणावळीच्या वृद्ध मालकिणीने तर उत्तरच दिले नाही. हातातील पळी न सोडता तिने भिंतीवरच्या एका पाटीकडे हनुवटीने निर्देश केला. अक्षरास अक्षर जुळवीत मी ती पाटी वाचली : ‘मुल-उन सेल्फु’. म्हणजे मूल ज्याचे त्याने घ्यावे. कोपऱ्यात पाण्याचे यंत्र होते, त्याच्या शेजारी पोलादी पेल्यांची रास होती, आणि या मुलखातील बहुतेक साध्या खाणावळींची हीच वहिवाट आहे, हे मला यथावकाश समजले.

चाकणच्या ज्या कारखान्यात माझी निम्मी हयात गेली त्याच्या कोरियन धन्यांनी मला दोन वर्षांच्या बोलीने इकडे तैनात केले होते. सुवॉन हे सोलच्या दक्षिणेस तीसेक किलोमीटरांवर वसलेले शहर. १७९४ ते १७९६ या काळात चोंगजो राजाने बांधविलेला ह्वासॉंग नावाचा सुरेख तट त्याच्या मधोमध अद्याप उभा आहे, आणि तटाबाहेर जिकडे तिकडे बैलाच्या बरगड्या निखाऱ्यांवर भाजून देणारी उपाहारगृहे आहेत, ज्यांची कीर्ती साऱ्या देशात आहे आणि ज्यांचा माझ्यासारख्या शाकाहारी माणसाला काडीइतका उपयोग नाही. निघण्यापूर्वी अप्पा बळवंत चौकातून संभाषणाचे एक चोपडे मी खरेदी केले होते. चोपडे वाईट नव्हते. परंतु त्यात प्रश्न तेवढे होते. त्या प्रश्नांना समोरचा मनुष्य उत्तर देण्याचा संभव आहे, ही कल्पना ग्रंथकर्त्याच्या मनास शिवलेली दिसत नव्हती. ‘याची किंमत काय?’ हे वाक्य मी विमानात दोनशे वेळा घोकले आणि दुकानातील मुलीपुढे इतक्या सफाईने म्हटले की, हा गृहस्थ येथेच लहानाचा मोठा झाला असावा असा तिचा समज होऊन तिने मला किंमत, सवलत, सवलतीच्या अटी आणि त्या अटींना असलेले अपवाद एका दमात निवेदन केले. उच्चार जितका निर्दोष तितके उत्तर लांब, हा नियम तेव्हापासून मी अनुभवीत आहे. शेवटी ती ज्याला ‘पोंगथु’ म्हणतात अशा कसल्याशा वस्तूविषयी काही विचारी. कोरियन भाषेत ‘होय’ला ‘ने’ म्हणतात एवढे मला ठाऊक असल्यामुळे मी प्रत्येक वेळी ‘ने’ म्हणे. पोंगथु म्हणजे पिशवी, आणि ती फुकट मिळत नाही, हा बोध मला होईपर्यंत आमच्या बिऱ्हाडी पिशव्यांचा एक संग्रह तयार झाला होता.

मग ‘नाही’ म्हणण्यास शिकलो. ‘नाही’ला म्हणतात ‘अनियो’. हा शब्द प्रथम कानी आला तेव्हा मला वाटले, ‘आणि यो–’ एवढे बोलून समोरचा मनुष्य थांबला आहे व पुढे काहीतरी येणार आहे. म्हणून मी मान किंचित पुढे करून वाट पाहत राहिलो. तो मात्र एका शब्दात मला नकार देऊन केव्हाच मोकळा झाला होता.

वाचन ही गोष्ट त्या मानाने अगदी सुलभ. इ. स. १४४३ मध्ये सेजोंग नावाच्या राजाने ही लिपी सिद्ध केली आणि १४४६ मध्ये ती प्रजेस जाहीर केली. चिनी चित्राक्षरे शिकण्यास सामान्य रयतेला सवड कोठून असणार, हा त्याचा कळवळ्याचा विचार. आणि सवड नसलेल्या लोकांना लिहिता-वाचता आले तर आमची प्रतिष्ठा ती काय राहिली, हा त्याच्या दरबारी पंडितांचा विचार. १४४४ साली त्यांपैकी काहींनी रीतसर अर्ज करून लिपीस हरकत घेतली. राजाने अर्ज फेटाळला. लिपीची अठ्ठावीस अक्षरे होती त्यांची आज चोवीस राहिली आहेत, आणि राजा दहा हजार वॉनच्या नोटेवर अजून विराजमान आहे. ‘न’चे अक्षर म्हणजे दातांमागे टेकलेल्या जिभेची आकृती, ‘म’चे अक्षर म्हणजे मुखाचा चौकोन, कवर्ग-चवर्गात वाढलेल्या माणसाला ही योजना पाहून भाऊबंद भेटल्यासारखे वाटते. लिपीबरोबरच्या शास्त्रीय विवरणात असा दावा केलेला आहे की, शहाण्यास ही अक्षरे दोन प्रहरांच्या आत येतील आणि मूर्खासही दहा दिवस पुरतील. मला नऊ दिवस लागले, ही गोष्ट मी साभिमान नमूद करतो.

अक्षरओळख झाल्यावर मनुष्य पाट्या वाचीत सुटतो. बसच्या खिडकीतून एखादी पाटी दिसावी, ‘ख’, ‘ख’ला ‘ऑ’, पुढे ‘फी’, असे करीत ती फोडावी, आणि बस निघून गेल्यावर उमजावे की ती पाटी ‘कॉफी’ची होती. पाऊण तासाच्या ज्ञानोपासनेतून निष्पन्न झालेले निम्मे शब्द इंग्रजीच निघत. ‘अपार्टमेंट’ या शब्दाचे या लोकांनी ‘आफाथु’ असे सुटसुटीत रूपांतर केले आहे. आणि एकास एक चिकटलेल्या, पंचवीस-पंचवीस मजली, अंगावर भले मोठे क्रमांक रंगविलेल्या त्या इमारतींकडे पाहिले असता मराठी कानास त्यात ‘आफत’ ऐकू आली तर त्यात कानाचा दोष नाही.

खरी आफत उच्चारांची. शनिवारी दुपारी परदेशीयांसाठी एक विनामूल्य वर्ग भरत असे, त्यात मी नाव घातले. शिक्षिका सेवानिवृत्त होत्या, मायाळू होत्या, आणि प्रत्येकाच्या तोंडासमोर कागदाचा पातळ कपटा धरून त्या अक्षरे म्हणवून घेत. ‘ताल’ म्हणजे चंद्र; कपटा किंचित हलावा. ‘थाल’ म्हणजे मुखवटा, कपटा उडावा. आणि या दोहोंखेरीज, घसा आवळून, श्वास कोंडून, जणू कोणी मागून मानगूट धरली आहे अशा बेताने म्हणावयाचा तिसरा ‘त्ताल’ म्हणजे मुलगी. त्या वेळी कपटा जागचा हलता कामा नये. त-थ-द-ध अशी चौकडी जन्मतःच जिभेवर घेऊन आलेल्या मला ही तिकडी म्हणजे किस पेड की पत्ती, अशी माझी घमेंड होती. ‘आपल्या कुटुंबाची माहिती सांगा’ असे फर्मान सुटताच मी उठून, पुण्यास माझे दोन मुखवटे आहेत, थोरला अभियांत्रिकी शिकतो व धाकट्यास गणिताची आवड आहे, असे निवेदन केले. कपटा शिक्षिकेच्या हातून सुटून खिडकीपर्यंत गेला होता.

एके ठिकाणी मात्र मी वर्गात चमकलो. ‘आभारी आहे’ हे लिहिताना ‘काम्साहाप्-निदा’ असे लिहितात आणि म्हणताना ‘काम्साहाम्निदा’ म्हणतात. ‘प’पुढे ‘न’ आला की त्याचा ‘म’ का होतो, हे सांगताना बाईंची दमछाक झाली, आणि इतर मंडळींनी वह्या मिटल्या. मी स्वस्थ होतो. जगत् अधिक नाथ बरोबर जगन्नाथ, हे आमच्या मास्तरांनी इयत्ता आठवीत छडीच्या साह्याने पक्के करून घेतले होते. ती छडी सुवॉनमध्ये फळास येईल असे त्यांच्या किंवा माझ्या स्वप्नीही नव्हते.

शेजारच्या बाकावर एक नेपाळी तरुण बसे. नेपाळातून जे कामगार या देशाच्या कारखान्यांत येतात त्यांना येण्यापूर्वीच कोरियन भाषेची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, त्यामुळे त्याचे व्याकरण माझ्याहून पुष्कळ पुढे होते. तो केवळ सुट्टीच्या दिवशी कोणाशी तरी बोलावयास मिळावे म्हणून येई. त्याची वही देवनागरीत होती. परमुलखात, भिन्न लिपीच्या वर्गात, दुसऱ्याच्या वहीत आपली बाराखडी पाहून जो उमाळा येतो तो आवरून मी ती वही मागून घेतली आणि पाहतो तो तिच्यात ‘हे चित्रालय कोठे आहे?’ यांसारखे एकही वाक्य नव्हते. ‘येथे दुखते’, ‘यंत्र बंद करा’, ‘या महिन्याचे पैसे कमी आले आहेत’ अशी वाक्ये होती. माझ्या चोपड्यात ज्या कोरियाचे वर्णन होते तो देश आणि या तरुणाच्या वहीतला देश यांच्या सरहद्दी कोठेही भिडत नव्हत्या. ‘कारखान्यात पहिला शब्द कोणता शिकलास?’ असे मी विचारले. तो हसून म्हणाला, ‘प्पल्लि प्पल्लि’. त्याचा अर्थ ‘लवकर, लवकर’. हा एक शब्द मला शिकावाच लागला नाही. कोणी मागून येऊन ‘पळी पळी’ असे ओरडले की मराठी माणसाचे पाय आपोआप चालू लागतात.

संख्यांविषयी फार लिहीत नाही. कोरियन माणसापाशी आकड्यांचे दोन संच आहेत, एक घरचा आणि एक चिनी भाषेतून आलेला, आणि घड्याळ सांगताना तो तास घरच्या आकड्यांत आणि मिनिटे चिनी आकड्यांत सांगतो. प्रथम मला हे अमानुष वाटले. मग शिक्षिकेने आमचे आकडे विचारले, आणि अडीच, पावणेतीन, एकोणसाठ ही प्रकरणे समजावून सांगताना माझीच बोबडी वळल्यावर मी तो विषय सोडून दिला.

वयाचा विषय मात्र सोडता येत नाही. ओळख होऊन दोन मिनिटे झाली नाहीत तोच येथील मनुष्य तुमचे वय विचारतो, आणि यात चांभारचौकशीचा हेतू नसून व्याकरणाची नड असते. कारण आपण थोर की धाकटे हे ठरल्यावाचून त्याला क्रियापद पुरे करता येत नाही. पूर्वी येथे मूल जन्मतःच एक वर्षाचे धरीत आणि दर नववर्षास सर्वांचे वय एकदम एकाने वाढे; जून २०२३ पासून कायद्याने बहुतेक सरकारी व कायदेशीर कामांत आंतरराष्ट्रीय गणना लागू केली आणि सारे राष्ट्र एका रात्रीत वर्ष-दोन वर्षांनी तरुण झाले. आमच्याकडील उपवर मंडळींनी ही सुधारणा कायद्याची वाट न पाहता फार पूर्वीच अमलात आणलेली आहे.

आपल्या जुन्या पत्रव्यवहारात ‘तीर्थस्वरूप’, ‘राजमान्य राजेश्री’, ‘चिरंजीव’ असा ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे मायना असे, आणि तो चुकला की आतला मजकूर कितीही गोड असला तरी व्याही रुसत. कोरियन लोकांनी हा मायना क्रियापदाच्या शेपटीस बांधला आहे. यात एक मोठी सोय आहे, जी कोणत्याही चोपड्यात सांगितलेली नाही. त्यांचेही क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येते. तेव्हा कर्ता, कर्म, स्थळ, काळ वगैरे प्रवास निर्धास्तपणे करीत राहावा, तेवढ्या अवकाशात समोरच्याचे पिकलेले केस, गळ्यातील ओळखपत्रावरचा हुद्दा आणि कपाळावरील आठ्या यांचा जमाखर्च मांडावा, आणि अगदी टोकाला गेल्यावर शेपूट निवडावे. अर्थात हा जमाखर्च मांडण्याचे भान असले पाहिजे.

ते मला एकदा राहिले नाही. आमच्या मंडळींना कोरियन मालिकांचा नाद होता. (‘आमच्या मंडळी’ हा प्रयोग मी मुद्दाम करतो आहे, कोरियन गृहस्थही आपल्या पत्नीचा उल्लेख ‘आमची घरची व्यक्ती’ असा अनेकवचनी सर्वनामाने करतो, आणि हे ऐकून जे पाश्चात्य सहकारी दचकले ते आमच्या आजोबांच्या ओटीवर कधी बसले नव्हते.) त्या मालिकांत नायिका नायकाला वारंवार एक वाक्य म्हणते : ‘पाम् मॉगॉस्सॉ?’ शिजलेल्या भाताला कोरियन शब्द आहे तो ‘बाप’ आणि ‘पाप’ यांच्या मधोमध कोठेतरी उच्चारावयाचा असतो. पुढे ‘म’ आला की जगन्नाथाच्या न्यायाने त्याचा ‘पाम्’ होतो. ‘भात खाल्ला का?’ म्हणजे पर्यायाने ‘कसे काय, ठीक ना?’ आपल्या ‘जेवलात का?’चे हे सख्खे भावंड. एवढे आपले वाटणारे वाक्य वापरल्यावाचून मला राहवेना. दुसऱ्या दिवशी उपाहारगृहात आमच्या खात्याचे प्रमुख समोरून येताना दिसले. ते माझ्याहून सहा वर्षांनी मोठे, बोलण्यात मितभाषी आणि कचेरीत त्यांचा दरारा असा की त्यांच्या पावलांचा आवाज आला की तरुण मंडळी खुर्चीत सरळ होत. मी प्रसन्न मुद्रेने, जरा मोठ्यानेच, ‘पाम् मॉगॉस्सॉ?’ असे विचारले. म्हणजे, ‘काय रे, गिळलेस का?’ असे नव्हे, तितके वाईट नव्हते. पण ‘जेवलास का रे?’ एवढे निश्चित होते. आजूबाजूच्या पोलादी काड्या वाटीच्या कडेशी थबकल्या. साहेबांनी हातातील ताट शेजारच्या मेजावर ठेवले, दोन्ही हात बाजूस घेतले, आणि फौजेतील शिपाई सुभेदाराला देतो त्या थाटाच्या, व्याकरणातील अत्युच्च शेपटाच्या वाक्यात मला उत्तर दिले : ‘होय, जेवण झाले आहे!’ आणि कंबरेतून वाकून ताट उचलून ते निघून गेले. त्या दिवशी दुपारी तीन निरनिराळ्या सहकाऱ्यांनी, एकमेकांस न कळविता, सन्मानार्थी क्रियापदांचे तक्ते मला पाठविले.

निरोपाची तऱ्हा आणखी निराळी. ‘अन्यॉंग’ या मूळ चिनी शब्दाचा अर्थ क्षेम. जो जातो त्याला राहणाऱ्याने ‘अन्यॉंगही गासेयो’ म्हणावे, म्हणजे क्षेमाने जा; आणि जाणाऱ्याने राहणाऱ्यास ‘अन्यॉंगही गेसेयो’ म्हणावे, म्हणजे क्षेमाने असा. ‘गा’ आणि ‘गे’ एवढाच काय तो भेद. चार महिने पाण्याच्या पाटीच्या त्या कोपऱ्यावरच्या खाणावळीतून जेवून बाहेर पडताना मी मालकिणीला ‘गासेयो’ म्हणत होतो, म्हणजे तिच्याच दुकानातून तिला रोज संध्याकाळी सप्रेम हाकलून देत होतो. ती बिचारी मान हलवी. एके दिवशी मात्र तिला लहर आली. माझे ‘गासेयो’ ऐकताच तिने कंबरेचे फडके सोडून माझ्या हाती दिले, मला ‘गेसेयो’ म्हटले, आणि दार उघडून ती खरोखरच बाहेर पदपथावर जाऊन उभी राहिली. आत दोन गिऱ्हाइके होती. त्यांतील एकाने माझ्याकडे आणखी किमची मागितली.

शनिवारी मी ही हकीकत वर्गात सांगितली आणि आमच्याकडे जाणारा मनुष्य ‘जातो’ म्हणतच नाही, ‘येतो’ म्हणतो, अशी पुस्ती जोडली. शिक्षिकेने ते वहीत टिपून घेतले आणि विचारले, ‘मग येणारा काय म्हणतो?’ ‘आलो’ म्हणतो, असे मी सांगितले. आणि जो अद्याप घरातून निघालेलाच नाही तोही ‘आलोच’ म्हणतो, हे प्रामाणिकपणे कबूल केले. त्यांनी वही मिटली.

फडके हाती देण्याच्या प्रसंगापासून मालकिणीचे आणि माझे सूत जमले. तिला हाक कोणती मारावी हा प्रश्न होता. चोपड्यात ‘आजुम्मा’ हा शब्द होता, पण तो आपल्या ‘ओ बाई’च्या जातीचा, म्हणणाऱ्याच्या आवाजावर त्याचे बरेवाईट अवलंबून. नेपाळी तरुणाने सांगितले, ‘इमो’ म्हणा. इमो म्हणजे आईची बहीण. बापाच्या बहिणीला निराळा शब्द आहे, ‘कोमो’. ज्या इंग्रजीच्या खिडकीतून मी इतके दिवस ही भाषा पाहत होतो तिच्यात मावशी आणि आत्या एकाच पोत्यात घातलेल्या असतात; ही भाषा तसे करीत नाही. आणि खाणावळीत वाढणाऱ्या अनोळखी प्रौढ स्त्रीला हाक मारावयाची तर ती मावशी म्हणूनच, आत्या म्हणून नव्हे, हा निर्णय महाराष्ट्र आणि कोरिया यांनी एकमेकांस न विचारता स्वतंत्रपणे घेतला आहे. आत्येला आपण भीत आलो आहोत; तेथेही कारण तेच असावे, असा माझा तर्क आहे.

या इमोपुढे मी शाकाहाराचा अर्ज ठेवला. वाक्य घोकून आलो होतो : ‘कोगी प्पे जुसेयो’, मांस काढून द्या. त्यातील ‘प्पे’ हा तोच मानगूट धरलेला उच्चार. तो माझ्या मुखातून ‘फे’ असा निघाला, आणि ‘फे’ म्हणजे बडवणे. ‘मांस बडवून द्या,’ अशी माझी प्रार्थना ऐकून इमो आत गेली, लाकडी ठोकळ्यावर सुरीची पाठ दोनदा आपटून तिने मला प्रात्यक्षिक दाखविले, आणि ‘असे?’ अशा अर्थी भुवया उंचावल्या. मग तिने स्वतःच घसा आवळून ‘प्पे!’ म्हणून दाखविले. मी म्हटले. तिने पुन्हा म्हटले. भातावर भाज्या रचलेला तो वाडगा समोर येईपर्यंत आमचा पाठ चालू होता. तसे पाहता या लोकांच्या हिशेबी मासळी म्हणजे मांस नव्हे, आणि किमचीतही बहुधा खारवलेली कोळंबी असते. म्हणून मासळीचे, कोळंबीचे आणि अंड्याचे असे तीन अर्ज मला पुढील तीन आठवड्यांत स्वतंत्रपणे गुजरावे लागले. ते मंजूर झाले. एकदा तर भाताबरोबर मी न मागितलेला मोडाच्या भाजीचा वाडगा आला आणि इमो म्हणाली, ‘सॉबिसु’. हा ‘सर्व्हिस’ शब्द. बिलात सेवाशुल्क लावते की काय, या शंकेने मी खिशाकडे हात नेला. पण त्याचा येथील अर्थ फुकट, आपखुशीने, भाजीवालीने वर टाकलेल्या कोथिंबिरीसारखा.

पहिल्या महिन्यात मी नुसते ‘अन्यॉंगहासेयो’ म्हटले तरी दुकानदार, बसचालक, टपालवाला, सारे मला ‘काय सुरेख कोरियन बोलता!’ म्हणत. मी हुरळलो होतो. आता दीड वर्ष झाले. मी पूर्ण वाक्ये बोलतो, भांडतोही, आणि कोणी एका अक्षरानेही स्तुती करीत नाही. परवा कचेरीत उशीर झाला. नऊ वाजता खाणावळीत शिरलो तेव्हा इमो खुर्च्या उलट्या करून मेजांवर ठेवीत होती. तिने मागे वळून पाहिले आणि कोणतेही शेपूट न लावता, मोठ्या आवाजात मला विचारले, ‘पाम् मॉगॉस्सॉ?’ मी ‘अनियो’ म्हणालो. तिने एक खुर्ची पुन्हा सुलटी केली आणि शेगडी पेटविली.

पाणी मात्र माझे मलाच घ्यावे लागले.